बाद लॉट

"माझा पोरगा प्यायला होता, साहेब. चूक त्याचीच."

भिवाजी ठोंबरे हात जोडून उभा होता. खालापूरच्या कारखान्यातल्या थंडगार केबिनमध्ये टेबलापलीकडे कमलेश शृंगारपुरे बसला होता. कारखान्याचा सगळा कारभार त्याच्या हाती. त्याने एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'कंपनीविरुद्ध केलेली तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.' भिवाजीने खाली सही केली.

"मामा, तुमचं दुःख मला कळतं," कमलेश खुर्चीतून उठत म्हणाला. टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही या कारखान्याची जुनी माणसं. आपलीच. चहा घ्या."

भिवाजीने चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग खाली वाकून साहेबाच्या पाया पडला.

या कारखान्यात भिवाजीने छत्तीस वर्षं वेल्डिंग केलं होतं. बाविसाव्या वर्षी कामाला लागला तेव्हा मुंबईच्या एका कुटुंबाची ही कंपनी होती, आणि बनायची ती एकच गाडी: रानगवा. दिसायला ओबडधोबड, पुढच्या जाळीवर शिंगं रोखलेल्या गव्याचं डोकं. पण नदीत घाला, डोंगरावर चढवा, दगडावर आपटा, गाडी मागे हटायची नाही. जंगलखातं घ्यायचं, धरणावरचे ठेकेदार घ्यायचे, लष्करातही गेली. तिचं खालचं हाड, म्हणजे चासी, भिवाजी आणि त्याच्या जोडीचे सहा जण जोडायचे. प्रत्येक जोड चारी बाजूंनी. वेल्डिंगचा वितळलेला रस नुसता वर बसून चालत नाही, लोखंडात मुरला पाहिजे, हे त्याने नव्या पोरांना इतक्या वेळा सांगितलं होतं की पोरं त्याला मागून 'मुरलामामा' म्हणायची.

तो निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी त्या कुटुंबाने कंपनी विकली. हेल्मार नावाच्या परदेशी कंपनीने ती घेतली. गव्याचं डोकं तसंच राहिलं, रंग झकपक झाला, आत पडदे आणि बटणं आली. जाहिरातीत डोंगर, धबधबे आणि 'तोच रानगवा, नवं रक्त'.

भिवाजीच्या मुलाला, संतोषला, गाडी घ्यायची होती. कर्जतवरून कोंडाण्याच्या वरच्या वाड्यांत माणसं आणि सामान पोचवायचं, रविवारी लेणी बघायला येणारे ट्रेकर न्यायचे, असा त्याचा धंदा. तो दुसरी कुठलीतरी गाडी बघून आला होता. भिवाजीने त्याला दहिवलीच्या घराच्या अंगणात थांबवलं.

"रानगवाच घे. दुसरी गाडी या दारात नाय लागायची."

"आबा, आता पहिल्यासारखी नाय राहिली म्हणतात."

"म्हणणारे काय, म्हणतात. हाड आमचं हाय."

संतोषने बापाचा शब्द मानला. दीड वर्षाने, एप्रिलमधल्या एका सकाळी, ठाकरवाडीवरून खाली येताना करवंदीच्या वळणावर गाडी दरीत गेली. संतोष जागीच गेला. वय बत्तीस. मागे धाऊ बसला होता, वाडीतला ठाकर. त्याने बाहेर उडी टाकली. हात मोडला, जीव वाचला.

दवाखान्यात भिवाजी त्याच्या खाटेशी बसला तेव्हा धाऊ एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होता. "आधी कडाक करून वाजलं. मंग गाडी मागून बसली. संतोषदादानं बिरेक मारला, पर गाडी येकाच अंगाला वढली गेली. आधी वाजलं, आबा. आधी."

पोलीस चौकीच्या मागच्या पटांगणात चेंदामेंदा झालेली गाडी पडली होती. भिवाजी तिच्याखाली पाठीवर सरकत गेला. मागची पाट्यांची स्प्रिंग ज्या ब्रॅकेटला धरून असते, ते ब्रॅकेट चासीवरून सालपटासारखं निघालं होतं. चार बाजूंपैकी दोनच बाजूंना वेल्डिंग. आणि त्या दोन बाजूंनाही जोडाच्या जागी लोखंड चकचकीत, कोरं. रस आत शिरलाच नव्हता. त्याने अंगठा त्या जागेवरून फिरवला. हे काम कुणी शिकाऊ पोराने केलं असतं, तर त्याने त्याच्या कानाखाली वाजवली असती. तो तिथेच मातीत पडून राहिला. वर आकाश नव्हतं, चासी होती, आणि ती चासी त्यानेच मुलाच्या गळ्यात बांधली होती.

त्याने तक्रार केली. कंपनीने आपले तज्ज्ञ पाठवले. त्यांच्या अहवालात लिहिलं होतं की गाडीत दोष नव्हता, पुढच्या सीटखाली दारूच्या बाटलीचे तुकडे सापडले, चालक नशेत होता. व्हिसेराचा अहवाल महिनोन्महिने आला नाही. आणि ती बाटली? धाऊने डोक्यावर हात मारून घेतला.

"ती माझी व्हती! मध व्हता तिच्यात. बाजारात इकायला आणला व्हता. आमी मध कशात भरणार, सांगा तुमी? मिळंल त्या बाटलीत."

पण धाऊचा जबाब कुणी घेतला नाही. 'तोही प्यायलेला असणार,' असं म्हणून चौकीतून त्याला वाटेला लावलं. माळकरी घरातला, सुपारीचंही व्यसन नसलेला संतोष कागदावर दारुडा झाला. दहिवलीच्या टपरीवर लोक हळू आवाजात बोलू लागले. भिवाजी जवळ गेला की गप्प व्हायचे.

त्या गप्प होण्यानेच भिवाजीच्या आत काहीतरी कायमचं टणक झालं. मुलगा गेला, ते दुःख होतं. पण मेलेल्या पोराच्या तोंडाला कुणीतरी बसल्या जागेवरून दारू लावली होती, आणि त्याची किंमत वसूल करायची होती. अहवालाखाली सही कमलेश शृंगारपुरेची होती.

कोयता घेऊन केबिनमध्ये शिरावं, असं त्याला पहिल्या महिन्यात रोज वाटायचं. मग त्याने विचार केला. मेला तर फोटोला हार घालतील, चांगला माणूस होता म्हणतील. नाही. त्याला जिवंत ठेवायचा. आणि त्याच्याच तोंडून वदवायचं, सगळ्यांसमोर. त्यासाठी जवळ जायला हवं होतं. म्हणून तो वाकला, पाया पडला, आणि आपल्या पोराला आपल्याच तोंडाने दारुडा म्हणाला.

ही बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचली. त्याची सून नम्रता त्याच कारखान्यात स्टोअरला कामाला होती. ती आली ती चपलाही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"खरं हाय का?"

"हाय."

"तुमी बोललात? ते प्यायले होते म्हणून?"

"बोललो."

तिने हातातला डबा त्याच्या पायाशी फेकला. "तुमीच त्यांना ती गाडी घ्यायला लावलीत. आता मेल्यावर त्यांचं नावपण घालवा!" ती दाराकडे वळली. "मी उद्याच माहेरी जाते, आबा. या घरात पाणी नाय प्यायची."

भिवाजीने खाली बसून डब्यातला सांडलेला भात गोळा केला. मग म्हणाला, "बस, पोरी. एक गोष्ट सांगतो. ऐकून मग जा."

त्याने सगळं सांगितलं. कंपनीला पन्नास वर्षं होणार होती. डिसेंबरात कोंडाण्याच्या पायथ्याशी मोठा कार्यक्रम होता. परदेशातून बडा साहेब येणार, पत्रकार येणार, नव्या मॉडेलची डोंगरावर फेरी होणार. जुन्या कामगारांचा सत्कार होता. "त्या दिवशी मला त्याच्या शेजारी बसायचंय. बस."

नम्रता ऐकून खाली बसली. मग तिने पर्समधून मोबाईल काढला आणि एक फोटो त्याच्यासमोर धरला.

"हे चार महिने माझ्याकडे हाय. कुणाला दाखवायची हिंमत नाय झाली."

स्टोअरच्या रजिस्टरचं पान होतं. तपासनिसाने लिहिलं होतं: जून महिन्याचा चासीचा लॉट, दोनशे बारा नग, ब्रॅकेटचं वेल्डिंग कच्चं, बाद. त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: 'वापरा. दोन बाजू पुरेशा आहेत.' आणि कमलेशची सही. संतोषची गाडी त्याच जूनमधली होती.

"हे घेऊन कोर्टात जाऊया," नम्रता म्हणाली.

"जाऊ. कोर्ट कुठं पळून चाललंय? पण आधी मला त्याचं तोंड बघायचंय."

पुढचे चार महिने भिवाजीने साहेबाचा विश्वास जिंकला. गणपतीत त्याच्या घरी मोदक नेऊन दिले. कंपनीच्या लोकांनी जाहिरातीसाठी त्याची मुलाखत घेतली, तेव्हा गव्याच्या डोक्यावरून हात फिरवत हसला. दहिवलीत लोक आता हळू बोलत नव्हते, तोंडावरच थुंकत होते. शेजारची बायजा तर दारातून ओरडली, "पोराच्या चितेवर पोळी भाजली रं बाबा यानं!" भिवाजीने ते सगळं गिळलं. घरात नम्रता जेवायला वाढायची आणि दोघं न बोलता जेवायचे. पण आता ते न बोलणं एकाच बाजूच्या दोघांचं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सातलाच तो पायथ्याच्या मैदानावर पोचला. मांडव, खुर्च्या, एक भलामोठा पडदा. फेरीच्या गाडीत कॅमेरे बसवले होते. आत बसणाऱ्यांच्या कॉलरला माईक लागणार आणि वर काय चाललंय ते खाली पडद्यावर दिसणार, ऐकू येणार. हिरव्या रंगाच्या दोन सारख्या गाड्या उभ्या होत्या, नंबरप्लेटच्या जागी 'पन्नास वर्षं' असं चिकटवलेलं. पुढची फेरीसाठी खास बनवलेली, मागची नुसती दाखवायला, जुन्या साठ्यातली रंगवून ठेवलेली. कुणाचं लक्ष नाही असं बघून भिवाजी पुढच्या गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

दहा वाजता शाल-नारळ झाले. भिवाजीला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने माईक हातात घेतला.

"मी या गाडीचं हाड जोडलं. माझी एकच इच्छा हाय. नवा रानगवा ठाकरवाडीच्या रस्त्यानं मला एकदा चालवू द्या. गाडीत जेवढी माणसं बसतात म्हणून कंपनी सांगते, तेवढ्या वजनाची वाळूची पोती मागं टाका. आणि शेजारी आमचे शृंगारपुरे साहेब बसू देत. ज्यांनी गाडी बनवली, त्यांनीच बसावं."

टाळ्या वाजल्या. परदेशी साहेबाचं नाव व्हिक्टर. कुणीतरी त्याला इंग्रजीत समजावलं, तसा तो खूश होऊन उभा राहिला आणि कमलेशच्या पाठीवर थाप मारली. कमलेश हसला. त्याला हसावंच लागलं.

पोती चढली. गाडी निघाली. भिवाजीने जन्मभर कारखान्याच्या आवारात गाड्या फिरवल्या होत्या, त्याचा हात सराईत होता. वर जाताना कमलेश कॅमेऱ्याकडे बघून गाडीच्या ताकदीबद्दल बोलत होता. वाडीच्या चौकात गाडी वळवली. उतार लागला. डावीकडे, कमलेशच्या बाजूला, दरी होती.

करवंदीच्या वळणावर धाऊ रस्त्याच्या वरच्या बाजूला उभा होता. भिवाजीने त्याला तिथं थांबायला सांगितलं होतं. मुलगा गेला त्या जागी आपल्या बाजूचं कुणीतरी असावं म्हणून. भिवाजीने गाडी डावीकडे घेतली, इतकी की कमलेशच्या दाराखाली रस्ता उरला नाही, आणि ब्रेक दाबून थांबला. इंजिन चालू होतं.

"इथंच," भिवाजी म्हणाला.

"काय इथं? मामा, गाडी पुढे घ्या."

"माझा संतोष इथं पडला."

कमलेशने दाराबाहेर बघितलं आणि झटकन आत सरकला. "असं करू नका. कार्यक्रम चालू आहे."

"साहेब, तुमाला वाटतंय ही तुमची खास बनवलेली गाडी हाय. नाय. ती खाली उभी हाय. सकाळी दोन्हींची अदलाबदल झाली. ही जूनच्या लॉटमधली हाय. दोनशे बारामधली." त्याने ब्रेकवरचा पाय किंचित उचलला. गाडी हातभर पुढे घसरली, मागची पोती करकरली. "मागं भार पुरेपूर. पुढं खड्डा. मी आता पाय काढतो. धरतंय का बघू तुमचं ब्रॅकेट. दोन बाजू पुरेशा हायत ना?"

"मामा, नको!"

"का नको? गाडीत दोष नाय. तुमीच लिहून दिलंय."

पुन्हा हातभर. कमलेशने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"धरणार नाही!" तो किंचाळला. "ते ब्रॅकेट धरणार नाही! लॉट बाद होता, मला माहीत होतं! ब्रेक दाबा!"

"मग सोडल्या कशाला गाड्या?"

"तिमाही संपत होती! हेल्मारला आकडा हवा होता, रोज फोन येत होते. लॉट परत पाठवला असता तर लाईन तीन आठवडे बंद पडली असती. मी काय करू?"

"आणि दारू?"

कमलेश रडायला लागला होता.

"दारू, साहेब!"

"नव्हती दारू! बाटलीला मध लागला होता. आमच्या माणसाने मला सांगितलं होतं. मीच दारू लिहायला लावलं. थांबवा हो, माझी मुलगी लहान आहे..."

भिवाजीचा पाय ब्रेकवर होता. एक क्षण, फक्त एक, त्याला पाय काढावासा वाटला. मनापासून वाटला. दोघेही गेले असते आणि सगळं मिटलं असतं. शेजारचा माणूस आता साहेब राहिला नव्हता, त्याच्या पँटवर ओला डाग पसरत होता. भिवाजीने ते नीट बघून घेतलं. मग हँडब्रेक ओढला.

"गाडी खासच हाय," तो शांतपणे म्हणाला. "मी सकाळी खाली शिरून बघितली. चारी बाजूंनी वेल्डिंग, रस आतपर्यंत मुरलेला. मलापण याच्यापेक्षा चांगलं नसतं जमलं. म्हणजे येतंय तुमाला. सोताच्या बुडाखाली असलं की येतं."

खाली मैदानात सगळं ऐकू गेलं होतं. व्हिक्टर आधी हसत होता, मग शेजारच्या बाईने त्याच्या कानात भाषांतर सांगितलं आणि त्याचं हसू उतरलं. कंपनीची दोन माणसं आवाज बंद करायला धावली. पण साउंडच्या टेबलासमोर नम्रता उभी होती, दोन्ही हात पसरून. "हात लावून बघा," ती म्हणाली. शेलूचा साउंडवाला मनोज, पन्नाशीचा माणूस, खुर्ची मागे सरकवून हाताची घडी घालून बसला. पत्रकारांचे मोबाईल वर झाले होते.

नंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. रजिस्टरचं पान पोलिसांत गेलं, धाऊचा जबाब घेतला गेला, व्हिसेराचा अहवालही एकाएकी सापडला. अंगात दारूचा अंश नव्हता. कमलेशला अटक झाली. भिवाजीवर साहेबाला धमकावल्याचा गुन्हा दाखल झाला, तो त्याने खुशीने अंगावर घेतला. पोलिसांचा नवा अहवाल हातात आला त्या दिवशी तो दहिवलीच्या टपरीवर गेला, आणि तिथं बसलेल्यांना उठू न देता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मग घरोघरी गेला. ज्याने दार उघडलं नाही, त्याच्या दाराबाहेर उभं राहून वाचला.

व्हिक्टरने मात्र परदेशात बसून पत्रक काढलं. झालेल्या प्रकाराचं कंपनीला दुःख आहे, स्थानिक अधिकाऱ्यांनी वरिष्ठांना अंधारात ठेवलं. त्या लॉटच्या उरलेल्या गाड्या परत मागवल्या गेल्या. आणि सहा महिन्यांनी हेल्मारने खालापूरचा कारखाना बंद केला. चारशे माणसं घरी बसली. तीनशे तरी कर्जत-खालापूरची होती.

नम्रताची नोकरी गेली. बायजाच्या दोन्ही मुलांची गेली. बायजा अंगणात येऊन उभी राहिली, केस सुटलेले.

"तुझा एक गेला म्हणून आमचे सगळे घालवलेस!" ती ओरडली. "पोरांनी आता काय खायाचं? त्या परदेशी साहेबाला काय झालं? बस एका शृंगारपुऱ्यासाठी चारशे चुली इझवल्यास. सुखानं झोपतोस का रं?"

तिचं एक वाक्य खोटं नव्हतं. व्हिक्टरचा केसही वाकडा झाला नव्हता, हे भिवाजीला तिच्यापेक्षा जास्त बोचत होतं. त्याने दार लावलं नाही. ती थकेपर्यंत उंबऱ्यात उभं राहून सगळं ऐकलं. ती गेल्यावर आत आला, हात धुऊन पाटावर बसला.

नम्रताने ताट पुढे ठेवलं आणि समोर बसली.

"आबा, खरं सांगा. पस्तावा होतो का?"

भिवाजीने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. तोंडातला घास पूर्ण चावून गिळला.

"बायजाच्या पोरांचं वाईट वाटतं. उद्या त्या दोघांना खोपोलीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे घेऊन जातो, माझ्या शब्दावर ठेवील." त्याने दुसरा तुकडा मोडला. "पण पस्तावा नाय गं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा त्याच्या पाया पडेन, आणि पुन्हा त्याला त्याच वळणावर नेईन."

त्याने ताट पुढे सरकवलं. "अजून एक भाकरी वाढ."